जवसाच्या पट्ट्यातील तणे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याच्या, शेवगाव, पाथर्डी, नेवासे, कर्जत, जामखेड या भागांतील काळ्या रानांत रब्बी ज्वारी, हरभरा आणि गहू यांच्या जोडीने जवसाचे पट्टे टाकण्याचा रिवाज पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. खरिपात रान पड ठेवावयाचे, पावसाच्या उघडिपीत त्यास वखराच्या पाळ्या द्यावयाच्या, हस्ताचा पाऊस जमिनीत मुरला की पाभर धरावयाची आणि मुख्य पिकाच्या काही ओळींनंतर एक-दोन ओळी जवसाच्या सोडावयाच्या, असा तो क्रम असे. या पिकाला वेगळे खत नसे, वेगळे पाणी नसे. सकाळी उमलणारी व दुपारपर्यंत पाकळ्या गाळून बसणारी त्याची निळी फुले पाहिली म्हणजे थंडी पडल्याची खूण पटे. बोंडे वाळली की जवस उपटून किंवा कापून खळ्यावर आणावे, बडवावे, उपणावे, चटणीपुरते घरी ठेवावे, उरलेले घाण्यावर द्यावे आणि पेंड दुभत्या जनावरापुढे टाकावी. येथील जवस तेलासाठी व खाण्यासाठीच होते. त्याच्या काडीतून धागा काढण्याची चाल दख्खनमध्ये नव्हती.

हे पीक आता विरळ झाले आहे. त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला, कालव्याच्या पाण्याबरोबर ऊस आला, पुढे कांदा आला, सोयाबीन आले, आणि बाजारात जी तेले स्वस्त मिळू लागली त्यांच्यापुढे घाण्याचे जवस टिकेना. सबंध भारतात १९७० च्या सुमारास जवसाखाली एकोणीस ते वीस लाख हेक्टर जमीन होती. आज ती दोन लाख हेक्टरांच्या घरात आली आहे. जवस गेले याबद्दल हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्याच्या आरोग्यदायी गुणांची महती गाणारे तर त्याहून अधिक. परंतु जवसाबरोबर त्याच्या पट्ट्यात उगवणारी तणेही गेली, किंवा जाण्याच्या वाटेवर आहेत, आणि त्यांची नोंद कोणीच ठेवत नाही, ही गोष्ट कृषिविस्ताराच्या कार्यक्रमात अजून कोठेही आलेली नाही. ती यावी, असे म्हणण्यास सबळ कारणे आहेत.

तणाच्या बाजूने बोलणे हे शेतकऱ्याला प्रथमदर्शनी वेडगळपणाचे वाटेल, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. जवसाइतके तणापुढे दुबळे पीक थोडेच असेल. त्याची पाने अरुंद, सुरुवातीची वाढ मंद, जमिनीवर सावली म्हणून पडत नाही. त्यामुळे पेरणीनंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात खुरपणी हुकली तर उत्पन्न हातचे जाते. अमरवेल जवसावर चढली तर पीक पिवळे पडून बसते, आणि तिचे बी जमिनीत दहा वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहते. संगमनेर-राहात्याकडील दूधवाल्या शेतकऱ्यास ही अमरवेल लसूणघासात भेटतेच. तिच्याशी कोणतीही तडजोड करू नये, दिसताच बाधित घासासकट ती उपटून जाळावी, हा सल्ला आजही तितकाच खरा आहे. येथे ज्या तणांविषयी बोलावयाचे आहे, त्यांची गोष्ट मात्र निराळी आहे.

तण पिकात शिरते कसे, हे सामान्यतः सांगितले जाते; ते पिकासारखे होते कसे, हे फारसे सांगितले जात नाही. खळ्यावरील उपणणीचा विचार करावा. वावडीवर उभा राहून शेतकरी पाटीतील रास वाऱ्यावर सोडतो. जड दाणा पायाशी पडतो, हलका थोडा पुढे, भूस आणखी पुढे उडून जाते. तणाचे जे बी दाण्याहून हलके ते भुसाबरोबर गेले. जे जड ते खड्यांबरोबर बाजूस पडले. मग चाळणीने बारीक बी खाली गेले, मोठे वर राहिले. त्यानंतर घरात स्त्रियांनी सुपात घोळून, पाखडून, निवडून उरलेसुरले काढले. एवढ्या सर्व पहाऱ्यांतून जे बी निसटून बियाण्याच्या मडक्यात पोहोचले, तेच पुढील आश्विनात पाभरीतून जमिनीत पडणार. म्हणजे दरवर्षी, नकळत, शेतकऱ्याने तणातूनही निवड केली. आणि निवड कोणत्या कसोटीवर झाली, तर पिकाच्या दाण्याशी असलेल्या साम्यावर. पीक काढणीला येण्यापूर्वी ज्याचे बी गळून पडले ते खळ्यापर्यंत आलेच नाही. ज्याची उंची विळ्याच्या खाली राहिली तेही आले नाही. ज्याची बोंडे पिकाबरोबर पिकली आणि मिटलेली राहिली, तेच पेंढीत बांधले गेले. अशी शे-दोनशे पिढ्यांची निवड झाल्यावर तण पिकाचे जणू जुळे भावंड बनते. जितकी निवडणारी बाई नेटकी, तितके हे साम्य अधिक पक्के.

ही प्रक्रिया शास्त्रज्ञांच्या ध्यानात प्रथम आली ती जवसाच्याच शेतात, परंतु युरोप आणि रशियात. तेथे धाग्यासाठी जवस पेरीत. काडी सरळ व बिनफांदीची यावी म्हणून पेरणी अतिशय दाट करीत. त्या दाटीत मोहरीच्या कुळातील कॅमेलिना अलिसम नावाचे एक तण वाढे. त्याच्या रानातील भाईबंदांना फांद्या फुटतात आणि त्यांच्या शेंगा पिकल्यावर तडकतात. याची मात्र काडी जवसासारखी सडपातळ, उंच, बिनफांदीची, आणि शेंगा न तडकणाऱ्या. विशेष हे की त्याचे बी दिसण्यात जवसासारखे चपटे व चकचकीत मुळीच नाही, तरीही उपणताना ते जवसाइतक्याच अंतरावर जाऊन पडते. डोळ्यास ते वेगळे दिसे, पण वाऱ्यास नाही. लेनिनग्राड येथील निकोलाय व्हाव्हिलोव यांच्या सहकारी एव्हगेनिया सिन्स्काया यांनी १९३० च्या सुमारास या तणाचा बारकाईने अभ्यास केला, आणि पिकाची नक्कल करणाऱ्या तणांस पुढे व्हाव्हिलोव यांचेच नाव जोडले गेले. याच जवसात सायलीन लिनिकोला, लोलियम रिमोटम नावाचे गवत आणि फक्त जवसावरच वाढणारी कुस्कुटा एपिलिनम ही अमरवेल, असे आणखी सोबती होते.

आज त्या मंडळींची स्थिती काय आहे? यंत्राने बियाणे स्वच्छ होऊ लागले, दाण्याचा आकार, घनता आणि पृष्ठभाग यांवरून बी वेगळे करणारी साधने आली, धाग्याच्या जवसाचे क्षेत्र घटले. आणि ज्या तणांनी हजारो वर्षे माणसाच्या हाताला हुलकावणी दिली, ती एका शतकाच्या आत युरोपच्या बहुतेक देशांतून नाहीशी झाली. ती रानात परत गेली नाहीत, कारण त्यांना जाण्यास रान उरलेच नव्हते. बी स्वतः गळत नाही, वाऱ्याने पसरत नाही, माणसाने पेरल्यावाचून उगवत नाही, अशी ती झाली होती. वाघ-गेंड्यांच्या नामशेष होण्याविषयी जेवढे लिहिले जाते त्याचा शतांशही या वनस्पतींच्या वाट्यास आला नाही. वस्तुतः माणसाच्या निष्काळजीपणामुळे नव्हे तर त्याच्या काळजीपूर्वक कामामुळे नष्ट झालेल्या जातींचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

नक्कल करणाऱ्या तणांची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. बरसीम घासाच्या बियाण्यात कासनीचे बी इतके बेमालूम मिसळते की ते वेगळे करण्यास बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे बी काढावे लागते. भातशेतीतील रानभाताची कथा तर प्रसिद्धच आहे. लोंबी येईपर्यंत ते भातापासून ओळखू येत नाही. म्हणून त्या वेळच्या मध्य प्रांतात जांभळ्या पानांचे भात लावून पाहिले, म्हणजे जे हिरवे दिसेल ते रानभात समजून उपटावे. युक्ती चांगली होती. काही वर्षांत संकर होऊन रानभातही जांभळे झाले.

अहिल्यानगरच्या जवसाचे चित्र मात्र युरोपासारखे नव्हते, आणि तसे ते रंगवू नये. येथे दाट, एकजिनसी ताटवा नव्हता. मिश्र पिकातील विरळ पट्टा होता. म्हणून येथील तणांचे नाते एका पिकापेक्षा एका वहिवाटीशी जुळलेले आहे. काळी जमीन, खरिपात पड, आश्विनातील पेर, थंडीतील ओल, पाटाच्या पाण्याचा अभाव आणि माघ-फाल्गुनातील काढणी, या सगळ्यांची मिळून जी सांगड, तीत बसणाऱ्या वनस्पतींचा तो एक मेळा असतो. त्यात चांदवेल आणि हरळी यांसारख्या चिवट जाती आहेत, चंदनबटवा आणि पाथरी यांसारख्या भाजीच्या उपयोगी जाती आहेत, आणि ज्यांना लोकांत ठळक नावही नाही अशा जातीही आहेत. सूर्यफुलाच्या कुळातील गोनिओकौलोन ग्लॅब्रम ही त्यांपैकी एक. काळ्या जमिनीच्या शेतांत पावसाळा सरल्यावर उगवणारी, ताठ कोनदार दांड्याची, बारीक जांभळट फुलांची ही वनस्पती. डोंगरउतारावर वा गावकुसाच्या उकिरड्यावर ती शोधून उपयोग नाही. ज्या रानात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत ठिबकाखाली कांदा निघतो, त्या रानात पडीची ती तीन-चार महिन्यांची शांतता राहिली नाही, आणि त्या शांततेवर ज्यांचे जगणे होते त्यांना जागाही राहिली नाही.

तेव्हा तण कमी झाले काय? मुळीच नाही. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास प्रथम लक्षात आलेले गाजरगवत आज जिल्ह्यातील एकही बांध, एकही रस्ता, एकही पड सोडून नाही. उसात लव्हाळा आहे, कांद्यात तो आहेच. सर्वत्र उगवणाऱ्या, कोणत्याही हंगामात फोफावणाऱ्या, तणनाशकाला हळूहळू दाद न देणाऱ्या जाती वाढल्या. आणि एका विशिष्ट रानाच्या, एका विशिष्ट हंगामाच्या, स्वभावाने भिडस्त म्हणता येतील अशा जाती घटल्या. शेतकऱ्याचा खुरपणीचा खर्च यात वाचला नाही. वर्षानुवर्षे विस्तारपत्रिकांतून ‘तणनिर्मूलन’ हा शब्द वापरला गेला. ज्याचे निर्मूलन व्हावयास हवे होते त्याचे झाले नाही, आणि ज्याची फारशी अडचण नव्हती त्याचे होऊन गेले. ‘नियंत्रण’ हा शब्द अधिक प्रामाणिक आहे आणि तोच रूढ व्हावा.

यावर कोणी असे विचारील की, गेलेल्या तणाचा शेतकऱ्यास उपयोग तो काय? उपयोगाची भाषा करावयाची तर तीही करता येईल. राय आणि ओट ही धान्ये मूळची गहू-जवाच्या शेतांतील तणे होत, असे व्हाव्हिलोव यांनीच दाखविले. कोद्रा आजही एका शेतात पीक आणि दुसऱ्या शेतात भातातील तण आहे. ज्या कॅमेलिनाच्या एका जातीला जवसात कोणी ठेवून घेतले नाही, तिच्याच सख्ख्या बहिणीची आज तेलासाठी मुद्दाम लागवड होते. पिकाच्या सहवासात राहून त्याच जमिनीत, त्याच अवर्षणात, खताविना टिकणाऱ्या वनस्पतींच्या अंगी कोणते गुण आहेत, हे त्या नाहीशा झाल्यावर तपासता येणार नाही. आणि पाथरी, चंदनबटवा, घोळ यांची भाजी ज्या घरांत आजही होते त्या घरांना उपयोगाचा पाढा वाचून दाखविण्याची गरज नाही.

तरीही सर्व तणांस सरसकट अभय द्यावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीत मिसळले गेल्यामुळे १९९८ साली दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ येऊन माणसे दगावली. बांधावरचा पिवळा धोत्रा खाण्याच्या तेलबियांच्या खळ्यापर्यंत कधीही येऊ देता कामा नये. प्रमाणित बियाण्याचा आग्रहही सोडता येणार नाही. १९६६ चा बियाणे कायदा आणि १९७६ मध्ये स्थापन झालेले महाबीज यांमुळे शेतकऱ्याच्या हाती स्वच्छ बी आले, हा लाभ लहान नाही. ज्याचे पोट दोन एकर कोरडवाहूवर आहे त्याने दुर्मिळ तणासाठी आपले पीक उणे करावे, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. हे काम शेतकऱ्याच्या खिशातून होता कामा नये. ते शासनाच्या खर्चाने आणि शासनाच्या जमिनीवर व्हावयास हवे.

त्यासाठी नव्या योजनेचीही आवश्यकता नाही. जैवविविधता अधिनियम २००२ साली झाला आणि त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. त्या नोंदवहीच्या नमुन्यात पिके, चारा, कीड यांच्याप्रमाणेच तणांचा वेगळा तक्ता आहे, हे किती ग्रामसेवकांच्या व कृषी सहायकांच्या लक्षात आहे? तेथे गाजरगवत, हरळी आणि लव्हाळा एवढी तीन नावे लिहून तक्ता भरला असे समजले, तर कायदा पाळला जाईल आणि माहिती बुडेल. जिल्ह्याच्या वनस्पतींची शास्त्रीय यादी तयार आहे; एस. जी. प्रधान आणि एन. पी. सिंग यांचा ‘फ्लोरा ऑफ अहमदनगर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्याही शंभर वर्षे आधी थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे वर्णन हाती घेतले आणि १९०१ ते १९०८ या काळात ते छापून पुरे केले. या दोन टिपणांच्या आधाराने रब्बीच्या रानात कोणती जात आहे आणि कोणती दिसेनाशी झाली, याची तालुकावार फेरतपासणी महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी दोन हंगामांत करू शकतील. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यात १९५५ पासून आहे. ओळखीबाबत शंका असेल तो नमुना तेथे दाखविता येतो.

दुसरे काम जमिनीचे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आणि तालुका बीजगुणन केंद्रांकडे काळी जमीन आहे. तिच्या एखाद्या कोपऱ्यात पाच-दहा गुंठे रान जुन्या वहिवाटीने करावे: खरिपात पड, वखराच्या पाळ्या, पाभरीने ज्वारी-हरभऱ्यात जवसाचा पट्टा, तणनाशक नाही, आणि बियाणे त्याच खळ्यावर उपणलेले, यंत्राने न चाळलेले. उत्पन्नाच्या तक्त्यात हा तुकडा नेहमीच शेवटी राहील, म्हणून तो त्या तक्त्यात घालूच नये. जर्मनीत शेतातील दुर्मिळ वनस्पतींसाठी राखलेली शेते आहेत. त्यांना संग्रहालय म्हणून कोणी हिणवीत नाही. गवताच्या कुळातील एका तणाची हकीकत येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. ब्रोमस ब्रोमॉइडिस हे बेल्जियमच्या अर्देन भागात स्पेल्ट नावाच्या जुन्या गव्हाबरोबरच वाढे. स्पेल्टची लागवड घटली आणि १९३० च्या दशकात हे गवत शेतांतून गेले. ते कायमचे गेले असे समजले जात असता, २००५ साली बेल्जियमच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानाच्या बीजसंग्रहात त्याचे थोडे बी सापडले, रुजले आणि जात परत मिळाली. कोणी तरी ते बी तेव्हा टाकून दिले नाही, एवढ्यावर ती जात वाचली.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची जी बीजबँक उभी केली, तिच्यामुळे त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली आणि घरचे बी जपण्याचे मोल महाराष्ट्रास कळले. बीजबँकेत जाणारे बी अर्थातच निवडलेले, पाखडलेले असते. तसेच ते असावयास हवे. परंतु निवडताना जे बाजूस पडते तेही त्या वाणाच्या इतिहासाचा भाग आहे. गावरान जवस अजून ज्यांच्या घरी आहे अशी कुटुंबे जिल्ह्यात थोडी असली तरी आहेत. त्यांच्या खळ्यावरील मातेरे आणि सुपातील निवडण बहुधा कोंबड्यांपुढे किंवा उकिरड्यावर जाते. जवसाची काढणी माघ-फाल्गुनात येते. त्या सुमारास कृषी सहायकाने अशा घरी जाऊन निवडणातील पसाभर भाग मागून घ्यावा, सावलीत वाळवून कापडी किंवा कागदी पिशवीत भरावा, प्लॅस्टिकच्या नाही, कारण त्यात ओल धरून बी कुजते. पिशवीवर गावाचे नाव, जमिनीचा प्रकार, आधीचे पीक, बियाणे घरी किती वर्षांपासून आहे ही माहिती आणि तारीख लिहावी. शक्य असल्यास पट्ट्यातील न ओळखलेल्या दोन-तीन तणांचे फुलासह नमुने जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत दाबून सोबत जोडावे, आणि हे सर्व राहुरीस कृषी वनस्पतिशास्त्र विभागाकडे पोहोचते करावे. पिशवी अमरवेलीच्या बियांची निघाली तर ती तेथेच जाळली जाईल. दुसरे काही निघाले तर ते पुढील आश्विनात कुंडीत पेरून पाहता येईल.